संगणकाच्या पाटीवरील अक्षर

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतला आहे. संस्थापकांचे ऋण, इमारतीची कहाणी, निवृत्त गुरुजनांच्या आठवणी यांविषयी त्यांनी जे सांगितले त्यात भर घालण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. संयोजकांनी मला ‘आजचा वर्ग’ हा विषय दिला आहे. त्यातील एकच लहानशी गोष्ट निवडून मी बोलणार आहे. आठवीपासूनची आपली मुले संगणकावर प्रोग्रॅम लिहावयास शिकतात. ज्या साधनात ती लिहितात त्याला कोड एडिटर म्हणतात. त्या एडिटरमधील अक्षर केवढे असावे, कोणत्या वळणाचे असावे, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, मागचा रंग कोणता असावा, हे ठरविण्याची जी सोय असते, तिच्याविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

विषय हीरक महोत्सवाच्या मानाने फार किरकोळ आहे असे आपल्याला वाटेल. तथापि अक्षर आणि डोळा यांचे नाते आपल्या शाळेने कधीच किरकोळ मानले नाही. बालवर्गातील मुलाच्या पाटीवर आपण ठसठशीत अक्षर काढून देतो. पहिलीतल्या मुलाला दुरेघी वही देतो, इंग्रजीसाठी चाररेघी देतो, आणि हात बसला की एकरेघी देतो. ज्याला कमी दिसते त्याला पुढच्या बाकावर बसवितो. नव्या शिक्षकाला आपल्याकडे जी पहिली सूचना मिळते ती अशी, की फळ्यावर लिहून झाले की एकदा शेवटच्या बाकापाशी जावे आणि आपलेच अक्षर तेथून वाचून पाहावे. वाचणाऱ्याने अक्षरापर्यंत धडपडत जाण्याऐवजी अक्षराने वाचणाऱ्यापर्यंत पोहोचावे, हे शिक्षणशास्त्र आपल्या घरात पुस्तकांच्याही आधी आले आहे.

संगणक कक्षात मात्र शेवटचा बाक उरला नाही. तेथे प्रत्येक मुलाचा फळा त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर असतो, आणि त्या फळ्यावरील अक्षर ज्याने ठरविले तो त्या खोलीत नसतो. आपल्या कक्षात व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर वापरला जातो. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ साली लोकांपुढे आणला. तो विनामूल्य मिळतो आणि जगभरातील व्यावसायिक मंडळीही तोच वापरतात. विंडोजच्या संगणकावर तो प्रथम उघडला की अक्षराचा आकार १४ असतो, फॉन्ट कन्सोलस असतो, पार्श्वभूमी काळसर असते, लांब ओळ पडद्याबाहेर निघून जाते आणि उजव्या कडेला संपूर्ण फाइलचा मुंगीएवढा नकाशा दिसतो. ही मांडणी रोमन लिपीत लिहिणाऱ्या, स्वतःचा संगणक असलेल्या, सरावलेल्या प्रौढ माणसाला सोयीची आहे. त्यात कोणाचा दोष नाही. प्रारंभ कोठून तरी करावाच लागतो. परंतु तेरा वर्षांचे मूल त्या प्रारंभालाच नियम समजते. पडद्यावर जे दिसते ते तसेच असावयाचे, आणि आपल्याला वाचता येत नसेल तर उणीव आपल्यात आहे, असा अर्थ ते मनाशी लावते.

आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीचे उदाहरण सांगते. ती गणितात चांगली होती. परंतु संगणकाच्या तासाला शेजारणीच्या पडद्याकडे पाहून लिहीत असे, आणि तिच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वेळी एखादा कंस किंवा अपूर्णविराम राहून जाई. ‘मला हे जमत नाही’ असे ती स्वतःच म्हणू लागली होती. आमच्या संगणक शिक्षिकांनी एके दिवशी तिला प्रोग्रॅम समजावून देण्याऐवजी तो मोठ्याने वाचावयास सांगितला. तेव्हा लक्षात आले, की अपूर्णविराम आणि अर्धविराम यांतील फरक तिला दिसतच नव्हता. अक्षराचा आकार १४ वरून २२ वर नेला आणि ओळींतील अंतर वाढविले. त्यानंतर तिच्या चुका संपल्या असे मी म्हणणार नाही. मात्र त्या समजुतीच्या चुका होत्या, म्हणजे शिकविता येण्याजोग्या. तिच्या पालकांना नेत्रतपासणी सुचविली, आणि चश्म्याचा क्रमांक बदलला असल्याचे निष्पन्न झाले. ‘जमत नाही’ आणि ‘दिसत नाही’ या दोन वाक्यांतील अंतर ओळखणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते ओळखण्याचे एक साधन त्या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये आहे.

ही सेटिंग्ज उघडणे अवघड नाही. कंट्रोल आणि स्वल्पविराम ही बटणे एकत्र दाबली की त्यांची सूची समोर येते आणि वर शोधण्याची चौकट असते. तेथे ‘फॉन्ट साइज’ असे लिहिले की आकाराचा आकडा मिळतो. कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबल्यास संपूर्ण खिडकीच मोठी होते, प्रत्येक पायरीस सुमारे २० टक्के. या दोहोंत फरक आहे. पहिल्याने केवळ लिहिलेला मजकूर मोठा होतो. दुसऱ्याने सूची, बटणे, फाइलींची नावे असे सारेच मोठे होते. ज्याला मजकूर दिसतो पण सूचीतील नावे दिसत नाहीत, त्याला दुसरा उपाय हवा. ऑल्ट आणि झेड दाबले की लांब ओळ पडद्याच्या कडेपाशी मोडून खाली येते. अक्षर मोठे केले की ओळी अर्थातच लवकर कडेला पोहोचतात, म्हणून ही दोन सेटिंग्ज जोडीने शिकवावी लागतात. उजवीकडील नकाशाला मिनिमॅप म्हणतात. वीस ओळींच्या प्रोग्रॅमला त्याचा उपयोग नाही. तो बंद केला की तेवढी जागा मजकुराला मिळते.

आता अक्षराच्या वळणाकडे येते. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जे फॉन्ट वापरतात त्यांत प्रत्येक अक्षर समान रुंदीचे असते, जुन्या टंकलेखन यंत्रावर असे तसे. त्यामुळे एकाखाली एक ओळी सरळ रेषेत बसतात. अशा फॉन्टची निवड करताना आम्ही मुलांना एक साधी कसोटी दिली आहे. शून्य, मोठा ओ, एक, लहान एल आणि मोठा आय ही पाच चिन्हे शेजारी शेजारी लिहावयाची आणि ती पाचही वेगळी ओळखू येतात का ते पाहावयाचे. कन्सोलसमध्ये शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते, म्हणून ते ‘ओ’पासून निराळे दिसते. कुरिअर न्यूमध्ये ती रेघ नाही, आणि एक व एल यांतही गल्लत होते. ज्या लेखनात एका चिन्हाच्या बदलाने सारा अर्थ फिरतो, तेथे ही पारख हौसेची राहत नाही.

या रोमन फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे मात्र नसतात. मग आपली मुले प्रोग्रॅममध्ये मराठी वाक्य लिहितात ते दिसते कसे? एडिटरला एकाच नव्हे तर अनेक फॉन्टची नावे स्वल्पविराम देऊन क्रमाने सांगता येतात. पहिल्यात जे अक्षर सापडत नाही ते दुसऱ्यात शोधले जाते, दुसऱ्यात नसेल तर तिसऱ्यात. आपण काहीच सांगितले नाही तर संगणक आपल्या मनाने एखादा देवनागरी फॉन्ट उचलतो. विंडोजमध्ये तो बहुधा मंगल किंवा निर्मला असतो. मंगल हा फॉन्ट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला आणि विंडोज २००० पासून तो देशभरातील संगणकांत पोहोचला. ज्याचे अक्षर आपण वर्षानुवर्षे वाचतो तो माणूस मराठीचा कवी होता, हे मुलांना सांगितले की ती पडद्याकडे निराळ्या नजरेने पाहतात. संगणकातील अक्षर कोठून आकाशातून पडत नाही, कोणीतरी बसून ते काढलेले असते, ही जाणीव त्यांना होते. आम्ही फॉन्टच्या यादीत रोमन फॉन्टच्या पाठोपाठ नोटो सान्स देवनागरी किंवा एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्त असे नाव स्वतः लिहावयास शिकवितो. दोन्ही विनामूल्य आहेत.

देवनागरीची आणखी एक गरज आहे, ती उंचीची. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात. पायाशी उकार आणि ऋकार लोंबतात. ‘मूर्ती’ या एका शब्दात वर आणि खाली दोन्हीकडे वर्दळ आहे. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळींत ही चिन्हे वरच्या आणि खालच्या ओळींना खेटू लागतात. ‘लाइन हाइट’ या सेटिंगमध्ये शून्य असेल तर अंतर एडिटर ठरवितो, तेथे १.७ असा आकडा लिहिला तर ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.७ पट होते. हा एक आकडा बदलताच मराठी मजकूर मोकळा श्वास घेऊ लागतो. मात्र समान रुंदीची शिस्त आपली लिपी पाळत नाही. ‘स्त्री’ हे आपल्याला एक जोडाक्षर दिसते, आणि संगणक ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा घटक म्हणून साठवितो. त्यामुळे मराठी मजकूर असलेल्या ओळी कधी कधी एकाखाली एक नेमक्या बसत नाहीत. तो बिघाड नव्हे, दोन लिपींच्या स्वभावांतील फरक होय, असे आम्ही सांगतो.

आपण माळव्यात राहतो. घराबाहेर, दुकानांच्या पाट्यांवर, वर्तमानपत्रांत आपल्या मुलांना हिंदीच्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ निराळा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात तीच रूपे प्रमाण ठरविली आहेत. संगणकावर अनेक फॉन्ट हिंदीचे वळण दाखवितात. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘बाई, संगणकाला आपला ल येत नाही का?’ त्याला दिलेले उत्तर आजच्या माझ्या बोलण्याचे सार आहे. संगणकाच्या लेखी ‘ल’ला एक क्रमांक आहे. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत, आणि त्यांतील एकच जागा ‘ल’ची आहे, हिंदीचा असो वा मराठीचा. फाइलमध्ये साठतो तो हा क्रमांक. त्याला कोणते रूप द्यावयाचे ते वाचणाऱ्याचा फॉन्ट ठरवितो. आपल्या शाळेतून पाठविलेली फाइल पुण्यात उघडली, आणि तेथील फॉन्ट मराठी वळणाचा असला, तर तेच अक्षर तेथे पाकळी धारण करून उभे राहील. मजकूर एकच, रूप वाचणाऱ्याचे.

रंगांचेही असेच आहे. एडिटरमध्ये प्रोग्रॅम रंगीबेरंगी दिसतो, परंतु फाइलमध्ये एकही रंग नसतो. शब्दांचा व्याकरणातील दर्जा ओळखून एडिटर त्यांना रंग चढवितो, आणि त्या रंगसंगतीला थीम म्हणतात. कंट्रोल धरून आधी के आणि मग टी दाबले की थीमची यादी उघडते. मुलांना काळी पार्श्वभूमी फार आवडते. चित्रपटातील संगणकतज्ज्ञांचे पडदे तसेच असतात. आमचा कक्ष पूर्वेकडील आहे. सकाळच्या सत्रात खिडकीतील उजेड काळ्या पडद्यावर आरशासारखा परावर्तित होतो. शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि प्रतिमा अधिक रेखीव उमटते. उजेडाच्या खोलीत फिक्या पार्श्वभूमीवरील गडद अक्षर वाचावयास सोपे जाते, असे वाचनाच्या प्रयोगांत दिसून आले आहे. याउलट काही जणांना प्रकाशाचा त्रास होतो, त्यांना गडद थीमच सुखावह वाटते. म्हणून आम्ही नियम केला नाही. दोन्ही थीमवर तोच परिच्छेद वाचून पाहा आणि मग ठरवा, एवढेच सांगितले. ज्यांना दोन्हींत अडचण येते त्यांच्यासाठी याच एडिटरमध्ये हाय कॉन्ट्रास्ट नावाच्या, गडद आणि फिक्या अशा दोन्ही प्रकारच्या थीम आहेत. साध्या आकाराचे अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असा संकेतस्थळांसाठी आंतरराष्ट्रीय दंडक आहे. करड्यावर करडे लिहिणाऱ्या देखण्या थीम निवडताना तो आठवावा.

काही मुलांना लाल आणि हिरवा यांतील फरक जाणवत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, आपल्याकडे त्याहून कमी. मुलींत ते फारच विरळ. तरीही मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असू शकतो, आणि पुष्कळदा ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. दोन फाइलींची तुलना करताना एडिटर काढलेली ओळ लाल आणि घातलेली हिरवी दाखवितो. अशा मुलाने रंगाऐवजी ओळीच्या कडेचे अधिक आणि उणे चिन्ह पाहावे, किंवा सेटिंग्जमध्ये ते रंग बदलून निळा आणि नारिंगी करून घ्यावेत. ही सोय आहे हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे, एवढाच प्रश्न असतो.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट सांगते. गेल्या काही वर्षांत या एडिटरमध्ये एखादी नवी फाइल उघडली की मराठी अक्षरांभोवती पिवळट चौकटी दिसू शकतात. आमच्या वर्गात त्या प्रथम दिसल्या तेव्हा नववीतील एक मुलगी सहज म्हणाली, ‘याला मराठी चालत नाही वाटते.’ ते वाक्य मला फार लागले. कारण हेच वाक्य प्रवेशाच्या दिवसांत मी पालकांच्या तोंडून ऐकते. संगणकाच्या जगात मराठीचे काय काम, मग मराठी माध्यम कशाला, असे विचारून कितीतरी कुटुंबे दाखला काढून घेतात. तेव्हा त्या चौकटींचा खरा अर्थ सांगणे आवश्यक होते. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवून दिले, की न दिसणारी किंवा दिसण्यात सारखी पण मुळात वेगळी असलेली अक्षरे वापरून प्रोग्रॅममध्ये फसवणूक लपविता येते. उदाहरणार्थ, रशियन लिपीतील एक अक्षर रोमन ‘ए’सारखे हुबेहूब दिसते. तेव्हापासून एडिटर अशा अक्षरांभोवती चौकट काढू लागला. ज्या फोल्डरला आपण विश्वासार्ह म्हटलेले नाही, तेथे तर मूळ रोमन संचाबाहेरील प्रत्येक अक्षराला तो चौकट काढतो. ती चूक दाखविणारी खूण नाही, सावधगिरीची आहे. फोल्डर आपलेच असेल तर ते विश्वासार्ह आहे असे सांगावे, किंवा युनिकोडविषयीच्या सेटिंगमध्ये तसा बदल करावा. चौकटी नाहीशा होतात. परक्या फाइलसाठी मात्र त्या राहू द्याव्यात. कारण समजले की मुलीच्या मनातील चौकटही पुसली गेली.

मराठी चालते किती, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पायथॉन या भाषेत इफ, फॉर, व्हाइल असे राखीव शब्द ३५ आहेत. ते इंग्रजीच राहतात, आणि तयार आज्ञांची नावेही इंग्रजीच असतात. परंतु २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना इतर लिप्यांतील नावे देता येतात. ‘एकूण’, ‘सरासरी’, ‘गुण’ अशी नावे देऊन आपली मुले निकालपत्रकाचा प्रोग्रॅम लिहितात आणि तो बिनतक्रार चालतो. स्पष्टीकरणाच्या ओळी तर हव्या त्या भाषेत लिहाव्यात. पुढे मोठ्या संस्थांत काम करताना सर्वांना कळावीत म्हणून नावे इंग्रजीत द्यावी लागतील, हेही आम्ही शिकवितो. पण पहिला विचार ज्या भाषेत सुचला त्या भाषेत तो नीट वाचता येईल असा पडदा मुलापुढे असला, तर पुढची इंग्रजी त्याला जड जात नाही.

वाचणाऱ्याला रूप निवडण्याचे हे जे स्वातंत्र्य आहे, त्याला एक सीमाही आहे, आणि ती सीमा मला स्वातंत्र्याइतकीच मोलाची वाटते. अक्षराचा आकार, फॉन्ट, थीम या गोष्टी फाइलमध्ये जात नाहीत; त्या ज्याच्या त्याच्या. परंतु ओळीच्या आरंभी सोडलेली जागा फाइलमध्ये जाते. ओळ कोठे मोडली हेही जाते. टॅब हे एक चिन्ह आहे. त्याची रुंदी वाचणारा आपल्या सोयीने कमीजास्त करू शकतो. मोकळ्या जागा मात्र जितक्या टाकल्या तितक्याच सर्वांना दिसतात. पायथॉनच्या शैलीविषयक मार्गदर्शनात चार मोकळ्या जागांची आणि ७९ चिन्हांपर्यंतच्या ओळीची शिफारस आहे. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते. तेथून पुढे पडद्यांनी आणि लेखकांनी ती मर्यादा वारशासारखी जपली. एडिटरमध्ये म्हणूनच सेटिंग्जचे दोन थर आहेत. एक थर वापरणाऱ्याचा, दुसरा त्या कामाच्या फोल्डरचा. आणि दोहोंत विरोध आला तर फोल्डरचे सेटिंग प्रभावी ठरते. जे सर्वांचे आहे ते फोल्डरमध्ये लिहावे, जे आपल्या डोळ्यांचे आहे ते आपल्यापाशी ठेवावे. आपल्या आवडीचा आकार फोल्डरमध्ये लिहून ठेवणारा विद्यार्थी शेजाऱ्याच्या डोळ्यांवर आपला चश्मा चढवीत असतो, असे मी वर्गात म्हणते, आणि मुलांना ते पटते.

या उपक्रमावर आक्षेप आले, ते रास्त होते. रंग बदलण्यातच तास संपेल, असे आमच्याच काही सहकाऱ्यांना वाटले. तसे घडूही शकते. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यातील एक तास मांडणीसाठी आणि त्यानंतर महिन्यातून दहा मिनिटे, असा नेम आखला. एकच संगणक चार मुले वापरतात, मग एकाची मांडणी दुसऱ्याला छळेल, हा दुसरा आक्षेप. २०२३ पासून या एडिटरमध्ये प्रोफाइल नावाची सोय आहे. आपली मांडणी नावाने जपता येते आणि हवी तेव्हा निवडता येते. त्याशिवाय प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीत चार ओळींची चिठ्ठी असते : अक्षराचा आकार, ओळीची उंची, फॉन्ट, थीम. दुसऱ्या संगणकावर बसले तरी दोन मिनिटांत आपला पडदा उभा करता येतो. तिसरा आक्षेप परीक्षेचा. स्पर्धेत वा परीक्षेत आपली मांडणी मिळेलच असे नाही. म्हणून महिन्यातून एक पाठ मूळ मांडणीवरच होतो, आणि तेथे निदान खिडकी मोठी कशी करावी हे प्रत्येकाला पाठ असते.

पालकहो, आपण मुलाला ‘किती वेळ त्या पडद्यासमोर बसला आहेस?’ असे विचारता. ते विचारावेच. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घरीही पाळावा. पण त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा : ‘तुला नीट दिसते का?’ मूल पडद्याकडे वाकून पाहत असेल तर आधी अक्षर मोठे करून पाहा, आणि तरीही वाकत असेल तर डोळे तपासून घ्या.

माजी विद्यार्थीहो, आपल्यातील कितीतरी जण पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत आणि परदेशात याच एडिटरसमोर दिवस घालवितात. हीरक महोत्सवात आपण शाळेला संगणक दिलेत, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. माझी मागणी आणखी एका तासाची आहे. सुट्टीत गावी आलात की संगणक कक्षात या, एका मुलाच्या शेजारी बसा आणि आपला पडदा आपण कसा मांडता ते त्याला दाखवा. आपल्या प्रोग्रॅममधील एखादी ओळ मराठीत स्पष्टीकरण लिहून त्याला वाचावयास द्या. याच बाकांवर शिकलेल्या माणसाच्या पडद्यावर मराठी अक्षर स्वच्छ उमटलेले त्याने पाहिले, की प्रवेशाच्या दिवसांत मला पालकांना द्यावी लागणारी पुष्कळशी उत्तरे ते मूलच देईल.

मुलींच्या सत्रासाठी येत्या सोमवारपासून कक्षाच्या खिडक्यांना पडदे बसविले जात आहेत, आणि देवनागरी फॉन्ट सर्व यंत्रांवर घालण्याचे काम दहावीच्या मुलांनी हाती घेतले आहे. ज्यांना ते पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी कार्यक्रमानंतर कक्ष उघडा ठेवला आहे.